बंदिवानाला हक्क कशासाठी?

ऑकलंड शहराच्या उत्तरेला अल्बनी नावाचे उपनगर आहे. विद्यापीठ, मोठाले बाजार, नव्या घरांच्या रांगा असे हे ठिकाण. येथे आमचेही घर आहे. अल्बनीहून थोड्याच अंतरावर, झाडीच्या आड, पॅरेमोरेमो येथे न्यूझीलंडमधील सर्वांत कडक बंदोबस्ताचा तुरुंग आहे. आम्ही त्या बाजूने जातो-येतो. परंतु आत कोण आहे आणि कसा आहे, याचा विचार सहसा करीत नाही. शेजार खरा, पण आपला नव्हे, अशीच आपली समजूत असते.

मध्यंतरी एका घरी मलिद्याच्या निमित्ताने आम्ही काही मंडळी जमलो होतो. मुलाला नोकरी लागली म्हणून नवस फेडायचा होता. एलियाहू हन्नाबीचे स्मरण झाले, पोहे, खोबरे, गूळ व फळे यांचे ताट फिरले, आणि मग चहाबरोबर गप्पा सुरू झाल्या. कोणीतरी वर्तमानपत्रातला विषय काढला. तीन वर्षांहून कमी शिक्षा झालेल्या कैद्यांना २०२० मध्ये परत मिळालेला मताचा हक्क पुन्हा काढून घेण्याचे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले होते. “बरे झाले,” एक वडीलधारे काका म्हणाले, “ज्याने कायदा मोडला त्याला कायद्याचे हक्क कशाला? मला विचाराल तर अमेरिकेतल्या काही राज्यांत आहे तशी देहान्ताची शिक्षाही येथे हवी.” दोघातिघांनी माना डोलावल्या.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या एक बाई बोलल्या. त्यांचे व त्यांच्या यजमानांचे डेअरीचे, म्हणजे येथील रिवाजाप्रमाणे कोपऱ्यावरचे सर्व वस्तूंचे लहान दुकान होते. “दोन पोरे सुरा घेऊन आत शिरली. ह्यांच्या हातावर वार झाला. जखम भरली, पण धीर गेला तो गेलाच. शेवटी दुकान विकले. त्या पोरांना वकील मिळाला, तुरुंगात डॉक्टर मिळतो, दाढ दुखली तर तीही कोणी पाहते. मग ह्यांचे हक्क कोठे गेले, ते मला कोणी सांगेल काय?”

कोणीच काही बोलले नाही. यजमानीणबाईंनी चहा पुन्हा पुढे केला. आम्हालाही त्या वेळी उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. मात्र त्या भगिनीचा प्रश्न खरा आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाता येणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

प्रथम आमच्या शेजारच्या तुरुंगात काय घडले ते पाहू. त्रासदायक समजल्या जाणाऱ्या कैद्यांसाठी पॅरेमोरेमोत १९९८ पासून एक वेगळी शिस्तव्यवस्था चालू होती. तीत कैद्याला दिवसाचे बावीस-तेवीस तास कोठडीत एकटे ठेवीत. कोठडीची स्वच्छता, उघड्यावर फिरण्याची सोय, प्रकृतीवरील देखरेख, या सर्वांत उणीव होती. आणि कपडे उतरवून झडती घेतानाही नियम पाळले जात नव्हते. काही कैद्यांनी सरकारवर दावा लावला. टाउनोआ खटला या नावाने तो ओळखला जातो. न्यूझीलंडच्या १९९० च्या हक्कांच्या कायद्यात असे एक कलम आहे, की ज्याचे स्वातंत्र्य काढून घेतले आहे त्याच्याशी माणुसकीने वागावे व माणूस म्हणून त्याची प्रतिष्ठा राखावी. ते कलम मोडले गेले, असा निकाल हायकोर्टाने २००४ मध्ये दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. तेथे २००७ मध्ये भरपाईच्या रकमा कमी झाल्या. पण माणुसकीचे कलम मोडले गेले हा निष्कर्ष कायम राहिला.

लोकांना याचा संताप आला. दुसऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त करणाऱ्यांना सरकारी तिजोरीतून पैसे! त्या संतापातून २००५ मध्ये पार्लमेंटने एक कायदा केला. कैद्याला अशी भरपाई मिळालीच, तर त्याने ज्यांचे नुकसान केले त्यांना त्या रकमेवर दावा सांगता यावा, अशी व्यवस्था त्यात आहे. आमच्या मते दोन्ही गोष्टी योग्य झाल्या. कैद्यावर अन्याय झाला हे कोर्टाने सांगितले ते योग्य, आणि त्याच्या हाती आलेल्या पैशाने त्याचे जुने देणे आधी फेडावे हेही योग्य.

आता आपले शास्त्र काय म्हणते? देवारीमच्या पंचविसाव्या अध्यायात फटक्यांच्या शिक्षेचा नियम आहे. न्यायाधीशाने अपराध्याला आपल्यासमोर फटके मारवावेत, पण चाळिसाहून अधिक मारू नयेत. कारणही तेथेच दिले आहे: अधिक मारल्यास तो तुझा भाऊ तुझ्या दृष्टीने तुच्छ होईल. आपल्या जुन्या गुरूंनी यातील एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. शिक्षा होईपर्यंत शास्त्र त्याला दुष्ट म्हणते. शिक्षा झाल्यावर त्यालाच भाऊ म्हणते. त्याच ग्रंथात दुसरा नियम आहे, की ज्याला देहान्त झाला व ज्याचे प्रेत टांगले गेले, ते रात्रभर तसे ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे. म्हणजे ज्याचा प्राण घेतला त्याच्याही देहाची विटंबना करण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग जो जिवंत आहे त्याच्याबद्दल काय सांगावे?

शिक्षा करू नका असे तोरा म्हणत नाही. शिक्षा मोजून करा, असे म्हणते. ही मोजणी कैदी चांगला आहे म्हणून सांगितलेली नाही; तो तर दोषी ठरलेलाच आहे. शिक्षा करणाऱ्याच्या हाताला कोठे थांबायचे ते कळावे, म्हणून ती सांगितली आहे. कैद्याचा हक्क तो हाच. कागदावर तो त्याच्या नावे असला, तरी त्याने बांधलेला असतो आपला हात.

येथपर्यंत बहुतेक जण मान्य करतील. मारहाण नको, उपाशी ठेवणे नको, हे कोणालाही पटते. खरी अडचण येते ती देहान्ताच्या प्रश्नाशी. तोरेत देहान्ताची शिक्षा स्पष्ट सांगितली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्या पूर्वजांनी त्या आज्ञेचे काय केले ते मिश्नेच्या मक्कोथ या भागात नोंदले आहे. सात वर्षांतून एकाला देहान्त देणाऱ्या सनहेद्रीनला संहारक म्हणत. रब्बी एलाझार बेन अझऱ्या यांच्या मते सत्तर वर्षांतून एकाला देणारीलाही तेच नाव शोभेल. रब्बी तार्फोन व रब्बी अकीवा म्हणाले, की आम्ही सनहेद्रीनवर असतो तर कोणालाही कधीच देहान्त झाला नसता. त्यावर रब्बान शिमोन बेन गमलिएल यांनी उत्तर दिले, की मग तुमच्यामुळे इस्राएलात रक्त सांडणारे वाढले असते. मिश्नेने दोन्ही मते लिहून ठेवली आहेत. मलिद्याच्या घरी जो वाद झाला तो अठराशे वर्षांपूर्वी आपल्याच घरात झालेला आहे, आणि त्या बाई व ते काका रब्बान शिमोन यांच्या बाजूला बसले होते. ती जागा हलकी नव्हे.

तरी रब्बी अकीवा तसे का म्हणाले असावेत? आम्हाला वाटते, की याचे उत्तर नाबोथच्या गोष्टीत सापडते. अहाब राजाला नाबोथचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथने वाडवडिलांची जमीन देण्याचे नाकारले. ईजबेल राणीने गावच्या वडीलमंडळींना राजाच्या नावाने पत्रे धाडली. दोन हलकट माणसे उभी केली गेली, आणि नाबोथने देवाची व राजाची निंदा केली असे त्यांनी सांगितले. नाबोथला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारले. आता पाहा, तोरा दोन साक्षीदार मागते. ते दोन होते. वडीलमंडळी बसली होती. बाहेरून पाहता न्यायात कोठेही उणे नव्हते. आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तेव्हा त्याला अडवून जाब विचारायला आला तो कोण? ज्याच्या नावाने आपण मलिदा करतो तोच आपला एलियाहू हन्नाबी. पण नबी आला तेव्हा नाबोथ मेलेला होता. अहाबाचा अपराध उघडा पडला, शिक्षाही सांगितली गेली. नाबोथ मात्र परत आला नाही.

न्यूझीलंडमध्ये फाशी बंद झाली ती १९६१ मध्ये. शेवटची फाशी १९५७ च्या फेब्रुवारीत ऑकलंडच्या माउंट ईडन तुरुंगात झाली. वॉल्टर बोल्टन या शेतकऱ्यावर बायकोला सोमल घातल्याचा आरोप होता. तो खरोखर दोषी होता काय, याबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या. पण त्या शंकांचा त्याला उपयोग नव्हता. १९६१ मध्ये न्यायमंत्री राल्फ हनान यांनी सरकारचे म्हणून जे विधेयक मांडले, त्यात काही खुनांसाठी फाशी ठेवली होती. ते मांडणे हे त्यांचे काम होते. पण मत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी फाशीच्या विरुद्ध मत दिले. त्यांना धरून सरकारी पक्षाचे दहा सभासद विरोधी मजूर पक्षाच्या बाजूने गेले, आणि ४१ विरुद्ध ३० मतांनी खुनासाठीची फाशी गेली. राजद्रोहासाठी ती नावापुरती राहिली होती, तीही १९८९ मध्ये गेली.

पुढे काय झाले? आर्थर अ‍ॅलन टॉमस या शेतकऱ्याला एका जोडप्याच्या खुनाबद्दल १९७१ मध्ये, व फेरखटल्यात पुन्हा १९७३ मध्ये, दोषी ठरवले गेले. १९७९ मध्ये त्याला माफी देऊन सोडले. पुढल्या वर्षी चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला, की ज्या काडतुसाच्या पुंगळीवर खटला उभा होता ती पोलिसांनीच तेथे ठेवली होती. दुसरे प्रकरण पॅरेमोरेमोशी जोडलेले आहे. १९८९ मध्ये दोन स्वीडिश प्रवासी नाहीसे झाले. १९९० मध्ये डेव्हिड तामिहेरे याला त्यांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. आरोपीने आपल्याजवळ कबुली दिली, अशी साक्ष एका कैद्याने त्या खटल्यात दिली होती. २०१७ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, त्या साक्षीदाराला खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवले गेले. मूळ खुनाचा दोष कोणाचा, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. सांगायचे ते एवढेच, की साक्ष खोटी होती हे सिद्ध करणारा खटला सरकारने लावला नव्हता. तो खाजगी फिर्याद म्हणून आर्थर टेलर याने लावला होता. टेलर स्वतः जन्माचा गुन्हेगार, पॅरेमोरेमोत वर्षानुवर्षे काढलेला, आणि कोठडीत बसून कायदा शिकलेला. कैद्यांच्या मताच्या हक्काचा दावा लावणाराही तोच. त्यावर हायकोर्टाने २०१५ मध्ये घातलेली बंदी हक्कांच्या कायद्याशी विसंगत ठरवली व २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल उचलून धरला. नाबोथच्या साक्षीदारांना जाब विचारायला नबी आला. येथे ते काम एका कैद्याने केले, आणि कैद्याला कोर्टात जाण्याचा हक्क होता म्हणूनच त्याला ते करता आले.

साक्षीदार खोटाच असावा लागतो असेही नाही. इस्राएल देशाने खुनासाठी देहान्ताची शिक्षा १९५४ मध्ये रद्द केली. नाझींच्या अपराधांसाठी ती ठेवली, आणि १९६२ मध्ये आइकमनला फाशी दिली. पुढे १९८८ मध्ये जॉन देम्यान्युक याला ट्रेब्लिंका छावणीतला क्रूर ‘इव्हान’ म्हणून देहान्त सांगितला गेला. छावणीतून वाचलेल्या वृद्धांनी त्याला ओळखले होते. त्यांच्या दुःखाबद्दल किंवा सचोटीबद्दल कोण शंका घेईल? पण सोव्हिएत दफ्तरांतून कागद आले, तो ‘इव्हान’ दुसराच कोणी असावा असा वाजवी संशय निर्माण झाला, आणि १९९३ मध्ये इस्राएलच्या सुप्रीम कोर्टाने त्याला त्या आरोपातून सोडले. पुढे सोबिबोर छावणीतील कामाबद्दल जर्मनीत २०११ मध्ये त्याला दोषी धरले गेले. अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच तो वारला. तो साधुपुरुष नव्हता. पण ज्या अपराधासाठी फास तयार होता त्याचा संशय फिटला नव्हता, आणि ज्यांचे सर्वस्व त्या छावण्यांत गेले त्या लोकांच्या कोर्टाने ते कबूल केले. आम्हाला या निकालाचा अभिमान वाटतो.

आपल्या महाराष्ट्राकडेही पाहू. भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात ठरवले, की अत्यंत विरळ प्रकरणातच फाशी द्यावी. त्यानंतरचे हे प्रकरण आहे. महाराष्ट्रात २००३ च्या जूनमध्ये एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला व पाच जणांचा जीव गेला. भटक्या जमातीतील सहा जण धरले गेले. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सांगितली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अज्ञान वयाचा होता असे नंतर निघाले. दहा वर्षांनी, २०१९ च्या मार्चमध्ये, त्याच सुप्रीम कोर्टाने आपला निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. सोळा वर्षे त्या सहा जणांची गेली. प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्यास सरकारला सांगितले गेले. २००९ नंतर लगेच फास आवळला असता तर ते पाच लाख कोणाच्या हाती ठेवले असते?

अमेरिकेत १९७३ पासून देहान्ताची शिक्षा झालेले सुमारे दोनशे जण पुढे दोषमुक्त होऊन बाहेर आले आहेत. ते बाहेर आले ते आपोआप नव्हे. वकील मिळाला, कागद मिळाले, अर्ज पोचला, म्हणून आले. क्लॅरेन्स गिडियन नावाच्या गरीब माणसाने फ्लोरिडाच्या तुरुंगातून सुप्रीम कोर्टाला शिसपेन्सिलीने अर्ज लिहिला, की मला वकिलाशिवाय शिक्षा झाली. १९६३ मध्ये कोर्टाने त्याचे म्हणणे मानले. वकिलासह पुन्हा खटला चालला, तेव्हा तो निर्दोष ठरला. भारतात १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले, की कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे व अपिलासाठी गरज असल्यास सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. निकालाची एक प्रत ही किती साधी गोष्ट! पण तीच हाती नसेल तर अपील कशाच्या आधारे करायचे? मलिद्याच्या घरी ज्यांची चेष्टा झाली ते कैद्यांचे हक्क असे असतात. चूक बाहेर यायला जी वाट लागते, ती हीच.

रब्बान शिमोन यांचे म्हणणे मात्र अजून शिल्लक आहे. दयेच्या नावाखाली समाजाला गुन्हेगारांच्या हवाली करू नका, असे ते सांगतात, आणि ते बरोबर सांगतात. सुरा घेऊन दुकानात शिरणाऱ्याला तुरुंगात टाकलेच पाहिजे. काहींना फार मोठ्या काळासाठी, आणि काहींना जन्मभर ठेवावे लागेल. पॅरेमोरेमोचे दरवाजे उघडा असे आम्ही म्हणत नाही. तुरुंग चुकीने झाला तर दार उघडता येते. फाशीनंतर उघडायला दार उरत नाही. म्हणून आम्ही या वादात रब्बी अकीवांच्या बाजूला बसतो, पण समोर बसलेल्यांचे ऐकत बसतो.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. येथे २००२ पासून पीडितांच्या हक्कांचा कायदा आहे. पीडिताला खटल्याची माहिती मिळावी, आपल्यावर काय गुजरले ते कोर्टापुढे मांडता यावे, अशा तरतुदी त्यात आहेत. त्यांना त्या पुरेशा वाटल्या नाहीत, आणि आम्ही त्यांना तसे म्हणण्याचे धाडस करणार नाही. पण त्या पोराचा वकील काढून घेतला, त्याची दाढ दुखती ठेवली, तर त्यांच्या यजमानांचा धीर परत येईल काय? एकाच्या ताटातले काढले म्हणून दुसऱ्याचे ताट भरत नाही. त्यांचे ताट रिकामे राहिले असेल, तर ते भरायचे कोणी?

येथे आम्हाला एक कबुली दिली पाहिजे. त्यांच्या दुकानावर हल्ला होऊन वर्ष उलटले होते, आणि आमच्यापैकी बहुतेकांना ते त्या दिवशी चहा पिताना प्रथम कळले. त्या वर्षात त्यांच्या दुकानी कोण गेले? संध्याकाळी बंद करायच्या वेळी कोण सोबतीला उभे राहिले? दुकान विकायचे ठरले तेव्हा कोणी विचारले? त्या दोन पोरांना काय शिक्षा व्हावी, याबद्दल आम्हा सर्वांना मत होते. त्यांच्या यजमानांना काय हवे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कैद्याला भाऊ म्हणणे कठीण आहे हे आम्ही जाणतो. पण ज्याला भाऊ म्हणायला काहीच कष्ट नव्हते, त्याच्याकडेही आम्ही फिरकलो नाही. त्या बाईंच्या बोलण्यातला राग कैद्यांवर होता तितकाच तो आमच्यावरही असावा, आणि तो रास्त होता.

पुढल्या शब्बाथनंतर आम्ही तिघे जण त्यांच्या घरी गेलो. यजमान थोडे बोलले. हात आता वळतो, पण सुरी धरून भाजी चिरणे नको वाटते, असे म्हणाले. निघताना काकांनी, म्हणजे ज्यांना देहान्ताची शिक्षा हवी होती त्यांनीच, दर गुरुवारी येऊन बसण्याचे कबूल केले. त्यांचे मत बदललेले नाही, आणि आमचेही नाही. या विषयावर वाचकांना काही लिहायचे असल्यास त्यांनी जरूर लिहावे. विरुद्ध मताचे पत्र आले तर त्याचे विशेष स्वागत होईल.